परत मागितलेलं वाण

तीळ भाजल्याचा वास जिन्यावरून वर आला की आमच्या घरात संक्रांत आली असं समजायचं. गारखेड्याच्या या घरात खाली काका-काकू राहतात, वर आम्ही. काकू तीळ लोखंडी कढईत भाजते आणि ते तडतडायला लागले की शेगडीपासून हलत नाही. यंदाही फोन वाजला तेव्हा तिने तो ओट्यावरच ठेवला, स्पीकर लावला आणि उलथणं फिरवत राहिली. मी खाली उतरत होते, ती जिन्यातच थांबले. आवाज ओळखीचा होता.

"वहिनी, राम राम. यंदा वाणाचं काय ठरवलं? का आम्ही बघू?"

बाळूभाऊ. पक्षाचे आमच्या वॉर्डातले प्रमुख, आणि आता नगरसेविकेचे यजमान. निवडणूक झाल्यापासून या घरात त्यांचा फोन आला नव्हता.

"आणि अजून एक काम होतं. ते मागचे प्लॅस्टिकचे मग असतील ना बायकांकडे? मीटरवाले? त्यांचे जरा फोटो पाहिजे होते."

काकूचा हात थांबला. उलथणं कढईच्या काठाला टेकलं आणि तीळ करपले. एरवी आमच्याकडे दूध उतू जातं, पोळी करपते, पण काकूच्या हातून तीळ करपलेले मी पाहिले नव्हते.

त्या करपट वासासरशी मला मागच्या निवडणुकीआधीचा तो मोसम आठवला. मोसम म्हणजे हळदी-कुंकवाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत संध्याकाळी बायका ठेवणीतल्या साड्या नेसून एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात. हातात पिशव्या, पिशव्यांत मिळालेली वाणं. सकाळी गार वारा असतो, दुपारी ऊन चावायला लागतं, आणि सहा वाजले की प्रत्येक फाटकाशी अत्तराचा, गुळाचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास रेंगाळतो. मी लहान होते तेव्हा इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना हे सगळं सांगायची मला लाज वाटायची. नंतर कळलं की आमच्या गल्लीत कोणाच्या घरात काय चाललंय, कोण आजारी आहे, कोणाच्या नळाला पाणी आलं नाही, हे सगळं याच संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात पोचतं. ते मला उशिरा कळलं. पक्षाला आधीच कळलं होतं.

त्या वर्षी महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. काकू पक्षाची पदाधिकारी वगैरे नव्हती. तिचं माहेर कन्नडकडचं, शेतकरी घरातलं, आणि माणसं जोडायची तिला सवय. गल्लीत कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की काकूला हाक जायची. देशपांडे मावशींचे यजमान गेल्यापासून बऱ्याच घरांनी त्यांना हळदी-कुंकवाला बोलावणं सोडलं, काकूने सोडलं नाही. "ती बाई माणूस न्हाय व्हय?" एवढंच तिचं म्हणणं. अशा बाईच्या दिवाणखान्यात पक्षाच्या बैठका व्हायला लागल्या, यात नवल नव्हतं.

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायचे, ऑफिसचं काम करत. बोलत नसलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

त्या बैठकांमध्ये एक तरुण यायचा, बाहेरून आलेला, पक्षाने नेमलेला सल्लागार. त्याच्याकडेही लॅपटॉप होता, आणि माझं शिक्षण ऐकल्यापासून तो माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा, जणू आम्ही दोघं एका बाजूचे आणि बाकीचे दुसऱ्या. विषय होता नळांना मीटर बसवण्याचा. पाणी मोजायचं आणि जेवढं वापरलं तेवढी पट्टी लावायची, अशी योजना चर्चेत होती. समोरचा पक्ष मीटरच्या बाजूने बोलला होता.

"आम्ही लोकांना फोन करून विचारलं," सल्लागार म्हणाला. "पाणी म्हटलं की लोक थकतात. मीटर म्हटलं की चिडतात. आपल्याला चिडलेले लोक लागतात. थकलेला माणूस मतदानाला घराबाहेर पडत नाही."

"म्हणजे आपण विरोधात," बाळूभाऊ म्हणाले.

पेपर वाचता वाचता काकांनी मान वर केली. "बाळू, दिवाळीत तू इथंच बसून म्हणाला होतास, मीटर लागले की मोटारी लावून पाणी ओढणारे सापडतील म्हणून."

"काका, ती माझी वैयक्तिक भावना होती," बाळूभाऊ हसत म्हणाले. "पक्षाची भूमिका येगळी असती."

सगळे हसले. चहा आला. एक भूमिका जन्माला आली होती, आणि मीटर चांगला की वाईट, हा प्रश्न त्या खोलीत कोणी एकदाही विचारला नव्हता. मला शाळेतल्या वादविवाद स्पर्धा आठवल्या. तिथे नाणं उडवून ठरायचं, कोण विषयाच्या बाजूने बोलणार आणि कोण विरुद्ध. मी स्टेजवर कधी गेले नाही, पण दोन्ही बाजूंचे मुद्दे मीच लिहून द्यायचे. तरी त्या खेळात एक प्रामाणिकपणा होता. नाणं सगळ्यांच्या समोर उडवलं जायचं. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायचं की वक्ता तावातावाने जे बोलतोय ते त्याच्या वाट्याला आलेलं आहे.

मग हळदी-कुंकवाचा विषय निघाला. आचारसंहिता लागायच्या आत मोठा कार्यक्रम काकूच्या हस्ते करायचा आणि वाण पक्षाकडून द्यायचं, असं ठरलं. वाण म्हणजे प्लॅस्टिकचा मग, कारण विषय पाण्याचा. त्यावर छापायचं होतं, 'नळाला मीटर नको, नळाला पाणी हवं.'

काकूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, वाण माझ्या हातून जाणार. त्याच्यावर लिव्हलंय ते खरं हाय ना?"

"वहिनी, पक्षाचा शब्द आहे."

"पक्षाचं राहू द्या. तुमचा?"

"माझाच समजा."

छापलेले मग आणायला काकूबरोबर मी शहागंजला गेले. आमच्या स्कूटरला तिथल्या गर्दीत पाय टेकवायला जागा नव्हती. दुकानदार चाचा पान खात निळ्या मगांची चळत बांधत होते. "बाजी, छपाई पक्की है," ते म्हणाले. "नल सूख जाएगा, अक्षर नहीं जाएगा." काकू खळखळून हसली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी अंगणात सतरंज्या घातल्या. काकूने काळी चंद्रकळा नेसली होती. एवढ्या बायकांसमोर उभं राहून ती कधी बोलली नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पण बोलली चांगली. सल्लागाराने लिहून दिलेलं बाजूला ठेवून, आपलं बोलली. पाणी यायच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मोटारी कशा घूं घूं करतात आणि शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो, हे तिने सांगितलं. ते शेवटचं घर मंदाताईंचं. मंदाताईंचं माहेरही कन्नडचंच. दोघी एकाच एसटीने माहेरी जायच्या, एकमेकींच्या पिशव्या धरून.

"मीटर लावला तर तुझ्याकडं हवाच मोजंल की तो," कोणीतरी मंदाताईंना म्हणालं.

"मोजू दे," मंदाताई म्हणाल्या. "हवेची पट्टी भरीन आन् पावती फ्रेम करून लावीन." अंगण हसलं. मग त्या काकूकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "शैला, मला त्या पार्टीचं काय बी कळत नाय. तू म्हनतीस म्हणून मी मत देईन. पुढचं तू बघ."

काकूने त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली आणि निळा मग हातात दिला. मी तिळगुळाचं ताट धरून बाजूला उभी होते. मंदाताईंचं ते वाक्य ऐकून काकूच्या चेहऱ्यावर जे आलं ते अभिमानासारखं नव्हतं. कोणी आपल्या कडेवर मूल द्यावं आणि आपण दोन्ही हातांनी सावरून धरावं, तसं होतं.

रथसप्तमी यायच्या आत युती झाली. कोणाशी, तर मीटरच्या बाजूने बोलणाऱ्या पक्षाशीच. पेपरात मोठा फोटो होता, हार घातलेले हात एकमेकांत गुंफलेले. दुपारी बाळूभाऊ आणि सल्लागार आले. काकूने नेहमीसारखं पाणी दिलं.

"भूमिका बदललेली नाही," सल्लागार म्हणाला. "भूमिका अधिक स्पष्ट केली आहे. आपण अन्यायकारक मीटरच्या विरोधात होतो. आधुनिक मीटरच्या नाही."

"मगावर फक्त मीटर लिव्हलंय," काकू म्हणाली.

"तेच तर," बाळूभाऊ म्हणाले. "वहिनी, ते मग तेवढे परत घ्यावे लागतील. युतीच्या लोकांनी कुणाच्या घरात पाहिले तर बरं दिसत नाही. त्याच्या बदल्यात स्टीलचा डबा देऊ, झाकणाचा. बायका खूश होतील. आचारसंहिता लागायच्या आत उरकून टाका."

काकू उभी होती ती स्टुलावर बसली. "वाण परत मागायचं?"

"बदलून द्यायचं."

"भाऊ, हळद-कुंकू लावून, ओटी भरून दिलंय ते. तुमच्या घरी दिलेलं वाण कुणी माघारी मागितलं तर वहिनी काय म्हणतील?"

बाळूभाऊंनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने माझ्याकडे, आणि इंग्रजीत म्हणाला की मी काकूंना जरा समजावून सांगावं, भावनेचा प्रश्न करू नये, हा फक्त मजकुराचा प्रश्न आहे.

मी पाण्याचे पेले उचलले आणि आत नेले. मला राग आला होता. तो राग तेव्हापासून माझ्याबरोबर राहिला आहे, म्हणून तो नीट तपासून पाहायला मला वेळ मिळाला. पक्षाने मत बदललं याचा मला राग नव्हता. मत बदलणं मला वाईट वाटत नाही. माणूस वाचतो, पाहतो, चुकतो, आणि म्हणतो की मला आधी असं वाटत होतं, आता तसं वाटतं, कारण हे हे. पक्ष कारण सांगत नाही. 'आधी असं वाटत होतं' हे तर तो मरेपर्यंत म्हणणार नाही. त्याला नुसतं मत बदलायचं नसतं, त्याला कालचा दिवसही बदलायचा असतो, आणि त्यासाठी तो लोकांच्या न्हाणीघरापर्यंत हात घालतो. आणि हात तरी कोणाचा? स्वतःचा नाही. ज्या बाईच्या तोंडून कालची भूमिका वदवली, तिचाच हात त्याला पुन्हा हवा असतो. ठरवायला खोलीत चार पुरुष आणि एक लॅपटॉप पुरतो. सांगायला मात्र गल्लीतली सगळ्यात खरी बाई लागते. तिचा खरेपणा वापरून संपला की दुसऱ्या वॉर्डात दुसरी बाई असतेच.

काकूने डबे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने हळदी-कुंकवाचा करंडा घेतला, मला म्हणाली, "चल," आणि आम्ही घरोघरी गेलो. प्रत्येक दारात ती एकच सांगत होती. "मी त्या दिशी बोलले ते पार्टी आता म्हणत नाय. मला आदी ठाव नव्हतं. तो मग तुमचाच हाय, ठेवा."

काहींना ती कशाबद्दल बोलतेय हेच आठवेना. एका घरात टीव्हीचा आवाज मोठा केला गेला. देशपांडे मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, ते बदलतातच. पण सांगायला दारात आलेली तू पहिलीच हो. बस, चहा टाकते." काकू बसली नाही. तिचं लक्ष गल्लीच्या टोकाकडे होतं.

मंदाताई दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्यांच्यामागे ओसरीवर पाण्याची पिंपं ओळीने, त्यांवर जुन्या साड्यांची फडकी बांधलेली. काकूचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्यानला मी ओळखत नव्हते, शैला. तुला ओळखत होते."

काकूने करंड्यातून बोटावर कुंकू घेतलं होतं. मंदाताईंनी कपाळ मागे घेतलं. जोरात नाही, सहज, ऊन डोळ्यावर आल्यावर माणूस जसा मागे सरतो तसं. काकू ते बोट तसंच धरून घरी आली. नळाला पाणी नव्हतं. पिंपातलं थोडं पाणी घेऊन मी तिच्या हातावर ओतलं.

पक्ष जिंकला. मीटर आले नाहीत, पाणीही वाढलं नाही. गल्लीच्या तोंडाशी मोटारी आहेत तशाच आहेत. मंदाताई नंतर काकूकडे आल्या नाहीत. माहेरी जाताना दोघी वेगवेगळ्या गाड्यांनी जायला लागल्या. काकूने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, फक्त स्टँडवरून फोन करून ती काकांना म्हणायची, "आज पिशव्या लई जड हायत."

आता युती तुटली आहे. म्हणून पक्ष पुन्हा मीटरच्या विरोधात आहे, आणि त्याला दाखवायचं आहे की तो पहिल्यापासूनच होता. म्हणून फोटो.

काकूने गॅस बंद केला. करपलेले तीळ ताटात ओतले आणि मग फोनकडे वाकून बोलली, "भाऊ, दिलेलं वाण माझं राहत नाय, घेणारणीचं होतं. तिला विचारा. एकेका दारात जा. मी गेले होते तशी." आणि फोन ठेवला. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंदाला बोलावणं दिऊन ये. येवो न येवो."

मी गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा बाळूभाऊ तिथे आधीच आले होते, हातात मोबाइल धरलेला एक कार्यकर्ता घेऊन. नेमकं तेच घर त्यांनी निवडलं होतं, कारण पाण्याच्या पिंपांमुळे फोटो चांगला येतो. मंदाताई न्हाणीघरातून निळा मग घेऊन बाहेर आल्या. चाचा खरं बोलले होते, छपाई पक्की होती. कडेला चिरलेला, साबणाने पांढुरका झालेला मग, पण अक्षरं जशीच्या तशी.

"असा नळाखाली धरा, ताई," बाळूभाऊ म्हणाले. "अक्षरं आमच्याकडं."

मंदाताईंनी अंगणातल्या नळाखाली मग धरला आणि तोटी सोडली. नळ फुसफुसला, थांबला, पुन्हा फुसफुसला. त्या शांतपणे मग धरून उभ्या राहिल्या.

"काढा की," त्या म्हणाल्या. "भरतोय."

कार्यकर्त्याने मोबाइल खाली केला. बाळूभाऊ म्हणाले, "ताई, तोटी बंद करा, नुसता मग धरा."

"मागल्या टायमाला हा माघारी पायजे होता म्हणं तुमाला. शैलाला लावलं होतं न्यायला. तिनं न्हेला नाय," मंदाताई म्हणाल्या. "आता तुमी सोता हात पसरून मागा. देते का बघू."

बाळूभाऊंनी मागितला नाही. फोटो मात्र त्यांनी काढला. तासाभरात तो सगळीकडे फिरला. फोटोतून नळ कापलेला, मंदाताईंचा चेहरा कापलेला, फक्त एक हात आणि मग, आणि खाली ओळ, 'आम्ही पहिल्यापासून तुमच्या बाजूने.' मी तो फोटो मोठा करून पाहिला. मंदाताईंच्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या आणि अंगठ्याच्या नखाशी राखेचा काळा डाग. त्या हाताला कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी काकूकडे बायका आल्या. पक्षाचं काही नव्हतं. वाण म्हणून काकूने माहेरच्या शेतातले हरभरे दिले होते, कागदाच्या पुड्यांत. तीळ दुसऱ्यांदा भाजले होते, तरी पहिल्या तिळांचा वास घरात होता. दिवे लागले तेव्हा फाटक वाजलं आणि मंदाताई आल्या. चपला काढल्या, पण उंबऱ्याशीच थांबल्या.

"यंदा काय म्हनती तुझी पार्टी?"

"माझी नाय ती," काकू म्हणाली.

"बरं. मग तू काय म्हनतीस? मीटर पायजे का नको?"

काकूने थोडा वेळ विचार केला. खरंच केला, मी बघत होते.

"मला अजून कळलं नाय, मंदा," ती म्हणाली. "ही पोरगी वाचून सांगती म्हणलीय. कळलं की तुझ्या दारात यिऊन सांगते. चुकलं तर तेबी सांगीन."

मंदाताई उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.